मृत्यूच्या दाखल्यावरील एक नाव : मुलांच्या पोटातील क्षयाच्या निदानाचा इतिहास

१.
एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या मृत्युनोंदींत तान्ह्या बाळांच्या नावांपुढे एक लॅटिन शब्दजोड पुनःपुन्हा भेटते : ‘टेबीज मेसेंटेरिका’. ‘टेबीज’ म्हणजे झिजणे. ‘मेसेंटरी’ म्हणजे आतड्यांना पाठीच्या बाजूस धरून ठेवणारा पातळ पडदा. या पडद्यातील ग्रंथींना क्षय जडतो आणि मूल झिजत जाते, अशी त्या नावामागची कल्पना. हजारो बालमृत्यू या एका नावाखाली नोंदले गेले. मृत्यू खरे होते. नाव किती वेळा खरे होते, हा प्रश्न मात्र विचारायला फार उशीर झाला.

२.
प्रश्न शब्दांपुरता असता, तर वैद्यकाच्या इतिहासातील एक तळटीप एवढेच त्याचे मोल राहिले असते. परंतु गाईच्या दुधातून मुलांना क्षय होतो की नाही आणि दूध तापवल्याशिवाय विकू द्यावे की नाही, हा युरोपातील मोठा वाद याच निदानावर उभा होता. दोन्ही पक्षांनी पुरावा म्हणून पुढे केले ते मुलांचे पोटच. एका पक्षाने दाखल्यांवर विश्वास ठेवला, दुसऱ्याने शवविच्छेदनांवर. वाद चालू असताना मुले तेच दूध पीत होती. हा धागा त्या निदानाविषयी आहे.

३.
मुळात अडचण काय होती? छातीच्या क्षयाला एकोणिसाव्या शतकात एकामागून एक साधने मिळत गेली. रने लायनेकने १८१६ साली स्टेथोस्कोप वापरात आणला आणि १८१९ साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८२ नंतर थुंकीतील जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागला. १८९५ साली क्ष-किरण आले. पोटाच्या वाट्याला यांतले फारसे काही आले नाही. तिथे डॉक्टरचा हात हेच मुख्य साधन राहिले आणि रडणाऱ्या, पोट ताठ करणाऱ्या मुलापुढे तो हातही फारसा उपयोगी पडत नसे.

४.
लक्षणेही फसवी होती. हातपाय काटकुळे, पोट फुगलेले, मधूनमधून ताप, जुलाब, भूक मंद. हेच चित्र जुनाट अतिसारात दिसे, निकृष्ट आहारात दिसे, हाडे मऊ पडण्याच्या विकारातही दिसे. मराठीत ‘मुडदूस’ हा शब्द झिजत जाणाऱ्या मुलाविषयी बोलताना किती सैलपणे वापरला जातो, हे आठवले म्हणजे अडचण कळते. अशा शब्दाने मुलाची अवस्था सांगितली जाते, कारण सांगितले जात नाही. ‘टेबीज मेसेंटेरिका’ हे नाव मात्र कारण सांगितल्याचा दावा करत होते.

५.
मानेतील ग्रंथींची गोष्ट वेगळी. त्या डोळ्यांना दिसत. आपल्याकडे त्यांना गंडमाळा म्हणत. इंग्लंडमध्ये हा ‘राजाचा रोग’ मानला जाई आणि राजस्पर्शाने तो बरा होतो अशी श्रद्धा होती. पुढे कोशकार म्हणून विख्यात झालेल्या सॅम्युएल जॉन्सनला १७१२ साली, वय अवघे अडीच वर्षे असताना, राणी ॲनच्या स्पर्शासाठी लंडनला नेण्यात आले होते. रोग मात्र गेला नाही. पोटातील ग्रंथींचा रोग त्याच जातीचा, पण तो सात पडद्यांआड लपलेला. दिसत नसल्यामुळे त्याविषयी तर्काला मोकळे रान मिळाले.

६.
१८३७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूंची नागरी नोंदणी सुरू झाली. विल्यम फार हा संख्याशास्त्रज्ञ तिचा बौद्धिक कणा ठरला. मृत्यूच्या कारणांचे त्याने वर्गीकरण केले आणि त्यात फुप्फुसाचा क्षय, गंडमाळा आणि ‘टेबीज मेसेंटेरिका’ यांना एका गटात बसवले. ही मोठीच झेप होती. परंतु तक्ता तयार झाला की त्यातील रकाने भरावेच लागतात. बाळाला एकदोनदाच पाहिलेल्या डॉक्टरालाही दाखल्यावर काहीतरी लिहिणे भाग होते आणि झिजलेल्या, पोट फुगलेल्या बाळासाठी एक भारदस्त नाव तयार होते.

७.
त्याच काळात औद्योगिक शहरांत बाळांना बाटलीने गाईचे दूध पाजण्याची रीत वाढत होती. गोठ्यापासून घरापर्यंत येता येता दूध नासे, बाटल्यांच्या रबरी नळ्या नीट धुता येत नसत, उन्हाळ्यात अतिसाराची साथ ठरलेली असे. या बाळांचे मृत्यू नेमके कशाने होत होते? काही क्षयाने, पुष्कळसे अतिसाराने आणि उपासमारीने. दाखल्यावर हा भेद उमटत नव्हता. एकच नाव अनेक मरणांवर पांघरूण घालत होते.

८.
२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला. गुरांचा क्षय आणि माणसांचा क्षय एकच, असे त्याचे त्या वेळचे मत होते. म्हणजे क्षयी गाईचे दूध धोक्याचे ठरले. युरोपातील गोठ्यांत क्षयी गुरांची वाण नव्हती. दुधाकडे संशयाने पाहणाऱ्या आरोग्याधिकाऱ्यांना आता एक वैज्ञानिक आधार मिळाला. उरले होते ते आकड्यांनी सिद्ध करणे, आणि आकडे तर फारच्या तक्त्यांत दशकानुदशके साठत आले होते.

९.
१८९८ साली सर रिचर्ड थॉर्न थॉर्न या वरिष्ठ ब्रिटिश आरोग्याधिकाऱ्याने आपल्या व्याख्यानांत एक विरोधाभास मांडला. शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या क्षयाचे मृत्यू झपाट्याने घटत होते. एक वर्षाखालील बाळांच्या ‘टेबीज मेसेंटेरिका’चे प्रमाण मात्र सुमारे २८ टक्क्यांनी वाढले होते. सगळीकडे क्षय हटतो आहे आणि बाळांच्या पोटात वाढतो आहे, याचा अर्थ काय? थॉर्नच्या मते उत्तर उघड होते : क्षयी गाईंचे दूध.

१०.
युक्तिवाद बिनतोड वाटत होता. पण त्याचा पाया दाखल्यांचा होता. मुलांच्या रुग्णालयांतील शवविच्छेदनगृहांत वेगळेच चित्र दिसत होते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालय १८५२ साली सुरू झाले होते. तेथील जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या तरुण डॉक्टरने १८९९ साली क्षयाने दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनांचा आढावा प्रसिद्ध केला. बालवयात क्षयाचा शिरकाव बहुधा फुप्फुसातून होतो आणि आतड्याची वाट तान्ह्या वयात तर मोठ्या मुलांपेक्षाही कमी आढळते, असा त्याचा निष्कर्ष होता.

११.
या निष्कर्षाने थॉर्नचा आधारच डळमळला. ज्या वयोगटात दाखल्यांवर ‘पोटाचा क्षय’ वाढत होता, त्याच वयोगटात शवविच्छेदनगृहाला तो कमी आढळत होता. त्यामुळे दाखल्यांतील नावांपैकी कित्येक नावे चुकीची असण्याचा संशय बळावला. मात्र स्टिलने दुधाला निर्दोष ठरवले नव्हते. दूध हे तान्ह्यांच्या क्षयाचे नेहमीचे कारण नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. हा बारकावा पुढील गदारोळात हरवून गेला.

१२.
गदारोळाची तयारी अमेरिकेत आधीच झाली होती. थिओबाल्ड स्मिथने १८९८ साली दाखवून दिले की गुरांतील क्षयजंतू आणि माणसाच्या थुंकीतील क्षयजंतू हुबेहूब एक नाहीत. वाढीत आणि प्राण्यांना मारण्याच्या शक्तीत त्यांच्यात फरक आहे. मग मुलाच्या पोटातील ग्रंथीत सापडणारा जंतू कोणत्या जातीचा? या घटकेपासून ‘क्षय आहे काय?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘कुणाकडून आला?’ हा दुसरा प्रश्न निदानात दाखल झाला.

१३.
२३ जुलै १९०१. लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये क्षयविषयक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी जोसेफ लिस्टर. व्यासपीठावर कॉख. आपले जुने मत त्याने तिथे मागे घेतले. माणसाच्या क्षयजंतूंनी गुरे आजारी पडत नाहीत, हे दोन भिन्न रोग आहेत आणि गुरांचा क्षय माणसाला क्वचितच होतो. दुधाविरुद्ध विशेष उपाय योजण्याची गरज नाही, असे त्याने सांगितले. क्षयाचा जंतू ज्याने शोधला, तोच हे सांगत होता. सभागृह अवाक झाले.

१४.
त्याच्या पुराव्यातील शेवटचा आणि वजनदार भाग मुलांच्या पोटाचा होता. शहरांतील लोणी आणि दूध जंतूंनी भरलेले असते, ते सगळेच खातात. मग आतड्यात सुरू होणारा क्षय मुलांत सर्रास दिसायला हवा. तो दिसत नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात पाच वर्षांत असे १० रुग्ण. बागिन्स्कीने बालरुग्णालयात पाहिलेल्या ९३३ क्षयी मुलांत, फुप्फुस निरोगी असून केवळ आतडे क्षयी, असा एकही नाही. बीडर्टच्या ३१०४ शवविच्छेदनांत अवघे १६.

१५.
इंग्लंडचे दाखले फसवे म्हणावेत, तर बर्लिनची शवविच्छेदने तरी पूर्ण सत्य सांगत होती का? लिस्टरने तिथल्या तिथे शंका उपस्थित केली. पशुवैद्यक जॉन मॅकफॅडियन यानेही त्याच परिषदेत प्रतिवाद केला. जंतू आतड्याची भिंत ओलांडून तिथे ठळक खूण न ठेवताच ग्रंथींत पोहोचू शकतो. म्हणून आतडे स्वच्छ दिसले, याचा अर्थ तो तिथून आला नाही, असा होत नाही. शिवाय जर्मनीत बाळांचे दूध उकळून देण्याची पद्धत बरीच रूढ होती. बर्लिनच्या मुलांवरून लंडनच्या दुधाचा निवाडा करणे धोक्याचे होते.

१६.
काही आठवड्यांतच ब्रिटिश सरकारने शाही आयोग नेमला. अध्यक्ष शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर. आयोगाने साक्षी नोंदवण्यावर भागवले नाही, प्रयोग केले. एसेक्समधील स्टॅन्स्टेड येथील शेतांवर गोठे आणि प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. क्षयाने मेलेल्या माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, ग्रंथींतून जंतू वाढवायचे, ते वासरांना आणि सशांना टोचायचे आणि वाट पाहायची. गुरांच्या जातीचा जंतू सशाला मारतो, मानवी जातीचा सहसा मारत नाही. एकेका मुलाच्या मृत्यूचे कारण असे सशाच्या पिंजऱ्यात ठरू लागले.

१७.
हे काम दहा वर्षे चालले. अध्यक्ष फॉस्टर मध्येच १९०७ साली वारले. १९११ च्या अंतिम अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट होता. प्राथमिक पोटाच्या क्षयाने दगावलेल्या लहान मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुरांच्या जातीचा जंतू सापडला. म्हणजे दुधाचा धोका नाकारण्यात कॉख चुकला होता. पण उरलेल्या निम्म्या मुलांत जंतू मानवी जातीचा होता. पोटाचा क्षय म्हणजे दूधच, हे थॉर्नच्या पक्षाचे समीकरणही पुरते टिकले नाही.

१८.
या साऱ्या निदानात एक भीषण गोष्ट समान होती : मूल मेल्याशिवाय ते होत नव्हते. जिवंतपणी पोटात डोकावण्याची संधी आली ती काहीशी अपघाताने. १८६२ साली स्पेन्सर वेल्स या शल्यविशारदाने अंडाशयातील गाठ समजून एका तरुणीचे पोट उघडले. आत क्षयाच्या गाठी पसरलेल्या होत्या. त्याने पाणी काढून पोट शिवले आणि ती जगली. १८८४ साली जर्मनीत फ्रान्झ क्योनिगने अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केल्यावर उदरपटलाच्या क्षयासाठी पोट उघडणे हा काही दशके उपचारच होऊन बसला. चुकलेल्या निदानातून जन्मलेला उपचार!

१९.
मुलांसाठी खरा बदल घडवला तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने. कॉखचे ट्यूबरक्युलिन औषध म्हणून १८९० नंतर सपशेल फसले होते. पिर्केने १९०७ साली तेच द्रव्य मुलाच्या हातावर किंचित खरवडून लावले. क्षयाच्या जंतूशी शरीराची आधी गाठ पडली असेल, तर तिथे लाल फोड उठे. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये शार्ल मांतूने तेच द्रव्य त्वचेच्या थरात सुईने टोचण्याची पद्धत आणली. आज दवाखान्यांत ‘मांटू’ म्हणून ओळखली जाते ती हीच चाचणी.

२०.
चाचणीने दिलासा दिला आणि नवा पेचही निर्माण केला. व्हिएन्नातील पाहण्यांत दिसले की वय वाढत जाते तसतशी फोड उठणाऱ्या मुलांची संख्या वाढत जाते आणि चौदाव्या वर्षापर्यंत बहुतेक शहरी मुलांत ती खूण आढळते. ती सगळी मुले काही आजारी नव्हती. संसर्ग होणे आणि रोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या साध्या फोडाने शिकवले. तान्ह्या बाळात त्याला मोठा अर्थ होता. दहा वर्षांच्या मुलाचे पोट दुखत असेल, तर त्या फोडावरून फारसे काही ठरत नव्हते.

२१.
शवविच्छेदनही आता अधिक काटेकोर झाले. पॅरिसच्या झ्यूल पारोने १८७६ साली म्हटले होते की छातीतील ग्रंथी सुजली असेल, तर त्या बाजूच्या फुप्फुसात मूळ घाव शोधावा. प्रागच्या अँटोन गॉनने हे सूत्र धरून १८४ मुलांच्या शवविच्छेदनांत मूळ घाव चिकाटीने शोधला आणि १९१२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. बहुतांश मुलांत तो फुप्फुसात निघाला. पद्धत मात्र पोटालाही लागू होती : ग्रंथीपासून मागे चालत जा आणि जंतू जिथून शिरला ते दार शोधा.

२२.
जंतू प्रत्यक्ष दाखवण्यात मुलांची एक खास अडचण होती. लहान मूल थुंकी बाहेर टाकत नाही, गिळून टाकते. मग ती पोटातूनच का काढू नये? १८९८ साली आंरी म्यूनिएने मुलाचे जठर धुऊन त्या पाण्यात क्षयाचा जंतू शोधला. १९२७ साली आर्मां-दलीयने ही रीत प्रचारात आणली. सकाळी उपाशीपोटी नळी घालून घेतलेला हा नमुना आजही वापरला जातो. गिळलेल्या थुंकीने आणखी एक वाट उजेडात आणली : छातीतील जंतू स्वतःच्याच आतड्यापर्यंत पोहोचू शकतो. त्यासाठी गाईची गरज नाही.

२३.
आणि मग ल्युबेक. बी.सी.जी. लस त्या काळी तोंडावाटे दिली जाई. १९३० च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात जर्मनीतील या शहरात सुमारे अडीचशे नवजात बाळांना, जन्मानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत, तीन मात्रा देण्यात आल्या. पॅरिसहून आणलेला मूळ जंतू निरुपद्रवी होता. ल्युबेकच्या प्रयोगशाळेत मात्र त्यात क्षयाचा जहाल जंतू मिसळला गेला होता. एप्रिलमध्ये बाळे दगावू लागली. क्षयाने एकूण ७२ बाळे गेली.

२४.
पालकांनी विश्वासाने पाजलेल्या लसीचा हा शेवट होता. १९३१-३२ मध्ये खटला चालला. गेऑर्ग डाइके आणि एर्न्स्ट आल्टश्टेट या डॉक्टरांना शिक्षा झाली. आधीच्या सर्व वादांत जे अज्ञात होते, ते इथे ज्ञात होते : जंतू कोणत्या वाटेने शिरला आणि कधी शिरला. श्यूरमान आणि क्लाइनश्मिट यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आतड्यातील मूळ घाव आणि त्यालगतच्या सुजलेल्या ग्रंथी ही जोडी प्रामुख्याने आढळली. ‘टेबीज मेसेंटेरिका’चे खरे रूप कसे असते, हे एका अपराधाने निर्विवाद दाखवून दिले.

२५.
ल्युबेकने आणखी एक गोष्ट दाखवली. आजारी पडलेली बहुसंख्य बाळे बरी झाली, तीही क्षयावर औषध नसताना. ग्रंथींत चुना साठत गेला आणि वर्षांनंतर क्ष-किरण चित्रांत पांढरे ठिपके उरले. असेच ठिपके विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमधील कित्येक प्रौढांच्या पोटात अवचित आढळत. लहानपणी प्यालेल्या दुधाची ती खूण असल्याचे डॉक्टर समजून घेत. ज्यांच्या मृत्यूचा दाखला कधी लिहिला गेला नाही, अशांच्या पोटात हा इतिहास चुन्याने लिहिलेला होता.

२६.
कायदे मात्र रेंगाळले. शिकागोने १९०८ सालीच, क्षयमुक्त ठरलेल्या गाईंचे नसेल ते दूध पाश्चरीकरण करूनच विकावे, असा नियम केला. ब्रिटनमध्ये १९११ च्या अहवालानंतरही दूधविक्रेत्यांचा खर्च, ‘ताज्या दुधा’चा अभिमान आणि तापवल्याने दुधातील सत्त्व जाते ही भीती आड आली. दूधविक्रीचा निर्णायक कायदा १९४९ साली झाला. देशातील सारे गोधन तपासून क्षयमुक्त घोषित व्हायला १९६० उजाडले. निदान १९११ सालचे, उपाय जवळपास चाळीस वर्षांनंतरचा. मधल्या पिढीने त्याची किंमत मोजली.

२७.
भारतात या कथेला वेगळे वळण मिळते. इथे गुरांत क्षय होता आणि आहे. पण दूध उकळूनच पिण्याची घरोघरची रीत गोठा आणि मूल यांच्यामध्ये उभी राहिली. माणसांच्या क्षयात गुरांच्या जातीचा जंतू इथे तुलनेने क्वचित सापडतो, त्याचे एक कारण म्हणून हीच सवय सांगितली जाते. तरीही पोटाचा क्षय इथे भरपूर आढळत राहिला. म्हणजे उगम बहुधा घरातच : खोकणारा मोठा माणूस, मुलाच्या छातीतील घाव, गिळलेली थुंकी, किंवा रक्तातून पोटापर्यंत गेलेला जंतू. इंग्रजी ग्रंथांतील दुधाचे समीकरण जसेच्या तसे इथे लागू पडणारे नव्हते.

२८.
१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि १९५२ साली आयसोनियाझिड आल्यावर निदानाचे मोल बदलले. पूर्वी नाव चुकले, तर तक्ता चुकत असे. आता उपचार चुकू लागला. बरिल क्रोन या नावाशी जोडला गेलेला आतड्यांचा विकार १९३२ साली वर्णिला गेला होता आणि तो दिसायला थेट आतड्याच्या क्षयासारखा होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील एच. डी. टंडन आणि ए. प्रकाश यांनी १९७२ साली या दोहोंतील सूक्ष्म भेद मांडले. भेद जीवनमरणाचा आहे : क्रोनच्या विकारावरील प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे क्षयाला भडकवू शकतात.

२९.
आज डॉक्टरच्या हाती सोनोग्राफी आहे, सीटी आहे, दुर्बीण आहे. रेणूंवर आधारित जलद चाचणी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली स्वीकारली आणि २०१३ साली मुलांसाठी व फुप्फुसाबाहेरील क्षयाच्या काही नमुन्यांसाठी तिची शिफारस वाढवली. तरी मुलाच्या पोटातील क्षयात जंतू थोडे असतात. चाचणी नकारात्मक आली म्हणून क्षय नाही, असे म्हणता येत नाही. म्हणूनच घरातील क्षयरुग्ण, वजनातील घट, ताप, पोटातील पाणी, काढलेला तुकडा आणि जंतूचा शोध असे अनेक धागे जुळवावे लागतात.

३०.
आणि जुना मोह कायम आहे. पोट दुखते म्हणून मुलाची सोनोग्राफी होते आणि अहवालात ‘मेसेंटरीतील ग्रंथी वाढलेल्या’ असे शब्द येतात. निरोगी मुलांतही अशा लहान ग्रंथी दिसतात. साध्या विषाणुसंसर्गानेही त्या सुजतात. केवळ त्या एका ओळीवरून अनेक महिन्यांचे क्षयाचे औषध सुरू करू नये, असे बालरोगतज्ज्ञ बजावतात. दुसऱ्या बाजूला, खरोखर क्षय असलेले मूल ‘जंत असतील’, ‘खात नाही म्हणून वाळले’ या समजुतींत महिनेच्या महिने काढते. दोन्ही चुकांची किंमत मुलालाच द्यावी लागते.

३१.
थॉर्न आणि कॉख हे दोघेही अप्रामाणिक नव्हते. एकाने दाखल्यावरील नाव म्हणजेच रोग असे मानले. दुसऱ्याने जे दिसले नाही ते नाहीच असे मानले. वाद सुटला तो तिसऱ्या वाटेने : एकेका मुलाच्या ग्रंथीतील जंतू वाढवून, त्याची जात ओळखून, दहा वर्षे धीर धरून. ग्रंथी आजही तीच आहे, तिच्यावर लिहिले जाणारे नाव बदलले आहे. ते नाव लिहिण्यापूर्वी पुरावा कोणता, हा प्रश्न मूल जिवंत असतानाच विचारता येतो, हे आजच्या डॉक्टरला मिळालेले भाग्य आहे. फारच्या तक्त्यांतील मुलांना ते लाभले नव्हते.

(समाप्त)